शकुंतलेच्या मागचं आभाळ

जुनी रेल्वे जपायची म्हणजे काय करायचं, हे आपण कधीच ठरवून टाकलं आहे. स्थानकासमोर सिमेंटचा चौथरा बांधायचा, त्यावर दोन-चार मीटर रूळ टाकायचे, क्रेनने इंजिन उचलून ठेवायचं, काळ्या-लाल तैलरंगाचा हात मारायचा आणि भोवती साखळी लावायची. लोक येतात, लेकरांना पुढे उभं करून फोटो काढतात. भंगारात जाण्यापेक्षा चौथरा केव्हाही बरा. पण त्या इंजिनाकडे पाहून ते कुठल्या रानातून जायचं, खिडकीतून काय दिसायचं, गाडी नजरेआड कुठे व्हायची, यातलं काहीच कळत नाही. मागे रिक्षा स्टँड असतो आणि त्याच्या मागे मोबाइलच्या दुकानाची पाटी.

माझं म्हणणं असं आहे की छोटी रेल्वे जपायची असेल तर इंजिनाइतकीच तिची जमीन जपली पाहिजे, आणि त्यासाठी सगळ्यात स्वस्त, खरा आणि कुणालाही जमणारा मार्ग म्हणजे एका स्थानकाचं छोटं मॉडेल. चार फूट लांब, दीड फूट खोल. त्याच्या मागे त्याच जागेवरून काढलेलं क्षितिजाचं छायाचित्र. ते छायाचित्र काढायची वेळ आत्ता आहे.

मी हे वऱ्हाडातल्या शकुंतला या छोट्या रेल्वेबद्दल बोलते आहे. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीच्या कारभारात ही गाडी धावू लागली, ती वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाईनीवर आणून टाकण्यासाठी. तिथून तो मुंबईला आणि मुंबईहून विलायतेला. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर १५ एप्रिल १९९४पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली, याच्या बातम्या देशभरच्या वर्तमानपत्रांत येत राहिल्या. बातम्यांत मालकी असे, इंजिन असे, तोटा असे. रान कधी आलं नाही. आता गाडी बंद आहे. तिच्या जागी रुंद रूळ आले तर आनंदच आहे, माझ्या तालुक्याला रेल्वे हवीच आहे. मात्र त्या कामात मातीचा भराव उंच होतो, जुनी झाडं जातात, फलाट वर उचलला जातो आणि जुन्या स्थानकावरून दिसणारं दृश्य परत मिळत नाही.

परतवाड्यात आमचा फोटो स्टुडिओ होता. बाबांनी सुरू केला, पुढे मी चालवला. स्टुडिओत मागे सोडायचे रंगवलेले पडदे होते: तळं आणि हंस, संगमरवरी जिना, एकावर ताजमहाल. नवरा-नवरी त्या पडद्यापुढे उभी राहायची आणि खाली सतरंजी अशी सरकवायची की पडद्याची खालची कड दिसू नये. बाबांचा नियम होता, माणूस आणि पडदा यांच्यात चार फूट सोडायचे. पडद्यावर सावली पडली की त्याचं कापड होतं, असं ते म्हणायचे. पुढे डिजिटल आलं, पडदे गुंडाळून ठेवले गेले. पण जमिनीवरची खरी वस्तू आणि तिच्या मागचं सपाट चित्र यांचा सांधा कसा जुळवायचा, हे मी त्या पडद्यांपुढे शिकले, आणि आज जे करते आहे त्यात तेच कामाला येतं आहे.

पुण्याच्या माझ्या भाच्याने मॉडेलसाठी रूळ आणून दिले. त्याला रेल्वेचं वेड कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात लागलं. मराठी घरांतल्या कितीतरी मुलांनी छोटी रेल्वे पहिल्यांदा तिथेच पाहिली असेल. रुळांबरोबर त्याने एक गुंडाळी आणली होती. परदेशात छापलेला तयार पडदा. बर्फाची शिखरं, सूचिपर्णी झाडं, उतरत्या छपराची लाकडी घरं. म्हणाला, “आत्या, हा मागे लाव, मापात आहे, काही करावं लागणार नाही.” मी तो परत त्याच्या पिशवीत ठेवला. आपल्याकडचे छंदी लोक इंजिनावर हजारो रुपये घालतात, त्याच्या चाकांची मांडणी बरोबर आहे का यावर तासन्‌तास वाद घालतात आणि मग त्याच्यामागे आल्प्स चिकटवतात. मला हे खटकतं. ज्या गाडीने काळ्या रानातला कापूस वाहिला, तिच्यामागे बर्फ लावल्यावर ती गाडी कुणाचीच राहत नाही.

मापांचं आधी सांगते, कारण इथे एक सुंदर योग जुळून येतो. जगात सगळ्यात जास्त चालणारं मॉडेलचं प्रमाण एकास सत्याऐंशी, ज्याला एचओ म्हणतात. त्यात आपली मोठी लाईन बसवायला गेलं की अडचण होते. भारतातला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याला ८७ने भागलं की सव्वाएकोणीस येतात आणि बाजारातले एचओचे रूळ साडेसोळाचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या गेजसाठी केलेले. त्यामुळे आपल्या मोठ्या गाड्यांची मॉडेल त्या रुळांवर पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी वाटतात. शकुंतलेचे ७६२ मिलिमीटर मात्र ८७ने भागले की पावणेनऊच्या आसपास येतात. आणि एन नावाच्या त्याहून लहान प्रमाणाचे रूळ नऊ मिलिमीटरचे असतात, सहज मिळतात. म्हणजे एनचे रूळ, एनच्या इंजिनाची खालची मोटर-चाकं, आणि त्यावर पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकच्या पत्र्याची एचओ प्रमाणातली आपल्या हाताने केलेली पेटी. युरोपात अरुंद रुळांची मॉडेल करणारे लोक वर्षानुवर्षं हेच करतात. आपल्या छोट्या लाईनींना ते जसंच्या तसं लागू पडतं: शकुंतलेला, पुलगाव-आर्वीला, जुन्या बार्शी लाईटलाही.

मी पथ्रोट निवडलं. अंजनगाव सोडल्यावर अचलपूरच्या अलीकडचं गाव. चार फूट म्हणजे १२० सेंटीमीटर, प्रत्यक्षात १०४ मीटर. तेवढ्यात फलाट, एक फाटा, तिकिटाची खोली, कडुनिंब आणि दोन्ही बाजूंना थोडं रान, एवढंच मावतं. एक इंजिन आणि तीन डबे उभे राहिले की जवळजवळ निम्मी लांबी भरते. हे कमी आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी सांगेन, कमी आहे म्हणूनच होतं. हॅम्बुर्गला मिनिआतुर वुंडरलँड हे भलंमोठं मॉडेल-रेल्वेचं प्रदर्शन आहे, २००१पासून वाढतच चाललं आहे. ते पाहायला जावं, पण घरात त्याच्या मागे लागू नये. खोलीभर टेबल मांडून अर्धवट सोडलेल्या रेल्वेपेक्षा कपाटावर पूर्ण झालेलं एक स्थानक कितीतरी जास्त बोलतं.

आता छायाचित्राकडे येते. लोक ज्याला शेवटी करायची सजावट समजतात, ते मी सगळ्यात आधी केलं.

छायाचित्रात क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असतं. मॉडेलच्या मागच्या पडद्यावरचं क्षितिज पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर आलं तरच मन त्यावर विश्वास ठेवतं. टेबलावर ठेवलेल्या मॉडेलकडे आपण वरून पाहतो. डोळा पाटापासून तीस सेंटीमीटर वर असेल, तर त्या प्रमाणात आपण २६ मीटर उंचीवरून पाहत असतो, म्हणजे आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून. आणि पडद्यावरचं छायाचित्र काढलेलं असतं जमिनीवर उभं राहून. दोन नजरा एका चित्रात भांडतात. पाहणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, फक्त सगळं खोटं वाटतं. उपाय दोन आहेत. मॉडेल उचलून डोळ्याजवळ आणायचं, आणि कॅमेरा उचलून थोडा वर न्यायचा. मी पाट एवढा उंच बसवला की खुर्चीवर बसलेल्या माणसाचा डोळा त्याच्यावर दहा सेंटीमीटर येतो. दहा सेंटीमीटर म्हणजे प्रत्यक्षात पावणेनऊ मीटर. दुमजली घराच्या गच्चीवर उभं राहिलेल्या माणसाची नजर साधारण तिथेच असते. वऱ्हाडातल्या कुठल्याही मोठ्या गावात अशी गच्ची मिळते, आणि कशासाठी हवी आहे ते नीट सांगितलं तर चावीही मिळते.

दुसरी गोष्ट कोनाची. माणूस पडद्यापासून साठ सेंटीमीटरवर बसला आणि पडदा १२० रुंद असला, तर त्याच्या डोळ्यापुढे बरोबर ९० अंश पसरतात. मग छायाचित्रातही ९० अंशांचंच रान हवं. म्हणजे तिथे जे जेवढं दिसतं, तेवढंच इथे दिसेल. पथ्रोटहून उत्तरेला पाहिलं की मेळघाटचे डोंगर दिसतात, गाविलगडाची रांग. चिखलदऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे, खालचा मुलूख पावणेचारशेच्या आसपास. सव्वासातशे मीटरचा उठाव, पण तो वीसेक किलोमीटरवर. हिशेब केला तर पडद्यावर तो डोंगर दोन सेंटीमीटरचा येतो.

फक्त दोन सेंटीमीटर. भाच्याने ऐकलं तेव्हा त्याला वाटलं मी दशांशचिन्ह चुकवलं. सगळ्यांनाच डोंगर मोठा हवा असतो. झूम लावून तो जवळ ओढतात, मग गाडीमागे तो भिंतीसारखा उभा राहतो आणि जागा कोंडते. वऱ्हाडचा डोंगर असा नाही. तो लांब आहे, निळा-राखाडी आहे, आणि त्याच्या अलीकडे न संपणारी वावरं आहेत. पाटापासून दहा सेंटीमीटरवर क्षितिज, त्यावर दोन सेंटीमीटरची रांग, आणि वर तीस-पस्तीस सेंटीमीटर नुसतं आभाळ. पडदा लावून खुर्चीत बसले तेव्हा त्या दीड फूट खोलीच्या फळीवर मला परतवाड्यापासून अंजनगावपर्यंतचा सगळा मोकळा मुलूख दिसला. अजून एक रूळही टाकलेला नव्हता.

याच हिशेबातून आणखी एक निघतं. साठ सेंटीमीटर म्हणजे प्रत्यक्षात ५२ मीटर. तेव्हा पडद्याच्या खालच्या कडेला जी जमीन येईल ती कॅमेऱ्यापासून पन्नासेक मीटरवरची असली पाहिजे. त्याच्या अलीकडचं झाड, विजेचा खांब, बैलगाडी, काही नको. अलीकडचं सगळं आपण हाताने करणार आहोत. छायाचित्रात एखादा माणूस चालताना आला तर तोही काढावा, कारण पाहणारा दुसऱ्यांदा येतो तेव्हा तो तिथेच पाय उचलून उभा असतो.

काढायचं कसं, तर कॅमेरा उभा धरून, तिपाईवर, डावीकडून उजवीकडे फिरवत. प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीवर एक तृतीयांश चढली पाहिजे. ५० मिलिमीटरचं साधं भिंग असेल तर पाच चौकटींत ९० अंश होतात. दोन्ही टोकांना एकेक जास्तीची घ्यावी. प्रकाशाचं माप एकदा ठरवलं की सगळ्या चौकटींना तेच ठेवायचं, नाहीतर आभाळात पट्टे येतात. छपाईसाठी इंचाला १५० ठिपके पुरतात. चार फूट बाय दीड फुटाला म्हणजे ७२०० बाय २७०० ठिपके. आजचा साधा कॅमेरा याच्या दुप्पट सहज देतो, बऱ्या मोबाइलमध्येही जुळवून होतं. दुकानदार फ्लेक्स घ्या म्हणेल, घेऊ नका. त्याला चमक असते आणि आभाळात दिव्याचा डाग पडतो. चमक नसलेला कागद किंवा मॅट व्हिनाइल घ्यावं आणि पातळ सनबोर्डवर चिकटवावं. दोन्ही कोपरे काटकोनात न मोडता गोलाकार वळवावेत. आभाळाला कोपरा नसतो. आधी हातभर पट्टी छापून ती प्रत्यक्ष दिव्याखाली धरून पाहावी. संगणकाच्या पडद्यावर ठीक वाटलेलं चित्र छापल्यावर नेहमीच गडद निघतं. मी रंग बराच फिका केला. धूळ आणि अंतर रंग खातात, आणि वऱ्हाडात धुळीला कमी नाही.

वेळ मी निवडली डिसेंबरमधली दुपार. उन्हाळ्यात डोंगर दिसत नाही, पावसात दिसतो पण आभाळ दर मिनिटाला बदलतं. डिसेंबरमध्ये सकाळचं धुकं गेलं की हवा स्वच्छ होते, पऱ्हाटी फुटलेली असते, तूर उभी असते. सूर्य दक्षिणेला, दुपारीही साधारण ४५ अंशांवरच. मी उत्तरेकडे पाहते आहे, म्हणजे ऊन माझ्या पाठीमागून. त्यामुळे मॉडेलवरचा दिवाही पाहणाऱ्याच्या डोक्यामागून ४५ अंशांवर आला पाहिजे. इथे बाबांचा चार फुटांचा नियम परत लागू होतो. ४५ अंशांच्या दिव्यात झाडाची सावली झाडाच्या उंचीएवढी पडते. दहा मीटरचा कडुनिंब माझ्या मापात साडेअकरा सेंटीमीटरचा. मग तो पडद्यापासून बारा सेंटीमीटरच्या आत लावायचाच नाही, नाहीतर त्याची सावली मेळघाटावर चढेल.

सांधा झाकण्यासाठी मला काही शोधावं लागलं नाही, कारण वऱ्हाडात धुरे आहेत. शेताच्या कडेचा मातीचा उंचवटा, त्यावर बाभळी, बोरी, तरवड. पाटाच्या मागच्या कडेला सलग एक धुरा घातला की त्याच्यापुढचं वावर हाताचं आणि मागचं छायाचित्रातलं, आणि मधली रेघ दिसत नाही. पुढच्या पऱ्हाट्या बारा मिलिमीटरच्या, नारळाच्या काथ्याच्या, त्यावर पांढऱ्याचे ठिपके. मागे जाताना त्या लहान करत नेल्या, शेवटच्या ओळी पाच-सहा मिलिमीटरच्या. जमीन खरी आहे. पथ्रोटच्या वावरातली काळी माती उन्हात कडक वाळवली, मलमलीतून चाळली आणि पाणी घातलेल्या फेव्हिकॉलवर पसरली. हातात घेतली की ती काळी दिसते, पण दिव्याखाली शुद्ध काळा रंग मेलेला वाटतो. म्हणून तिच्यात थोडी राख मिसळली. थर पातळच द्यावा लागतो. काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते, मॉडेलवरही तिचा स्वभाव बदलत नाही.

गाडी नजरेआड करायला जगभर बोगदा करतात. प्लास्टिकचे तयार बोगदे मिळतातही. माथेरानच्या गाडीला बोगदा शोभतो, खंडाळ्याच्या घाटाला तर त्याशिवाय गत्यंतर नाही. अचलपूरच्या सपाट रानात बोगदा आला कुठून? मी डावीकडे, अंजनगावच्या बाजूला, दाट बाभूळबन केलं आणि उजवीकडे जिनिंगची लांब भिंत. गाडी भिंतीमागे जाते, पडद्याच्या कडेला ठेवलेल्या फटीतून आतल्या फळीवर उभी राहते आणि तिथून परत येते. जिनिंगची भिंत या मुलखात कुठेही उभी करा, ती खोटी ठरत नाही.

एका मित्राने आक्षेप घेतला. चित्रकार आहे, त्याचं म्हणणं मी गंभीरपणे घेते. तो म्हणाला, छायाचित्र लावणं ही पळवाट आहे, पडदा रंगवायला हवा. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांनी प्रेक्षक थक्क व्हायचे, ही आपली परंपरा आहे. ती परंपरा मी मानते. आमच्या स्टुडिओतले पडदे तिचीच दूरची लेकरं. मात्र रंगवलेला पडदा असावं तसं दाखवतो. राजवाडा म्हणजे कसा, अरण्य म्हणजे कसं. नाटकाला तेच हवं असतं. मला पथ्रोटच्या उत्तरेची रेघ हवी आहे, तिच्यातला प्रत्येक खळगा जिथे आहे तिथेच. गावचा म्हातारा माणूस पडद्यासमोर बसला तर त्याने बोट ठेवून सांगावं की हे अमक्याचं वावर. ते काम ब्रशने होणार नाही.

अर्थात छायाचित्रात मोबाइलचा टॉवरही येतो. माझं स्थानक वाफेच्या इंजिनाच्या काळातलं, म्हणून मी छापायच्या प्रतीतून टॉवर काढले. मूळ चौकटींना हात लावलेला नाही. त्या तारीख, जागा, दिशा आणि कॅमेऱ्याची उंची लिहून वेगळ्या ठेवल्या आहेत. हे सगळ्यांनी केलंच पाहिजे. मॉडेल आपलं असतं, त्यात आपण काळ मागे नेऊ शकतो. पुरावा सगळ्यांचा असतो.

इंग्लंडमध्ये एका माणसाने याच कामाला जन्म वाहिला. रॉय इंग्लंड त्याचं नाव, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १९२५ साली तो इंग्लंडला आला, व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स नावाच्या खोऱ्यातली गवताच्या छपरांची जुनी घरं त्याने पाहिली आणि ती डोळ्यांदेखत बदलताना, पडताना पाहिली. वाचवणं त्याच्या हातात नव्हतं. मग त्याने ती मोजली आणि मॉडेलमध्ये उतरवायला घेतली. १९५४ साली त्यातून लाँग विटनम गावात पेंडन संग्रहालय उभं राहिलं. तिथे रेल्वे आहे, पण लोक पाहायला जातात ते एक आख्खं खोरं, दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांतलं. परक्या देशातून आलेल्या एका तरुणाला जे दिसलं ते आपल्याला आपल्या गावात दिसू नये, याचं मला वाईट वाटतं.

हा पैसेवाल्यांचा छंद आहे, असंही ऐकते. इंजिन महाग असतं, खरं आहे. पण मी सांगते आहे त्यातला मोठा भाग माती, काथ्या, पुठ्ठा, फेव्हिकॉल आणि एका छपाईचा आहे. एका शाळेत एक इंजिन पुरतं. नववीच्या मुलांना प्रमाण, कोन आणि क्षितिज शिकवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. ७६२ला ८७ने भागून आलेला आकडा हातातल्या रुळाशी जुळतो तेव्हा गणित फळ्यावरून खाली उतरतं. घरातल्या आजोबांना डबा कसा होता, फलाटावर काय मिळायचं, हे विचारावं लागतं. ते सांगतात, आणि ते लिहून घेतलं जातं.

म्हणून मागणी अशी. रेल्वेने या मार्गावर कुदळ मारण्याआधी प्रत्येक स्थानकावरून चारही दिशांची छायाचित्रं काढून ठेवावीत. कामाच्या कंत्राटात ही एक ओळ घालायला खर्च येत नाही. रेल्वे करणार नसेल तर अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, मूर्तिजापूरच्या शाळांनी आणि वाचनालयांनी करावं. ज्यांच्या घरी जुने फोटो आहेत, लग्नाच्या वऱ्हाडाचे, बदलीच्या निरोपाचे, त्यांनी त्यात मागे काय आलं आहे ते पाहावं. माणसांच्या खांद्यावरून कधी सिग्नल दिसतो, कधी पाण्याची टाकी, कधी डोंगराचा तुकडा. माझ्या फलाटाची उंची मी एका निरोप समारंभाच्या फोटोतल्या खुर्चीच्या पायावरून काढली.

अचलपूरच्या बाजूची ७६ किलोमीटर मी आणि माझे दोन जुने विद्यार्थी येत्या डिसेंबरात पूर्ण करतो आहोत. लाखपुरीला पूर्णेच्या काठावर उभं राहायचं आहे, तिथे डोंगर जवळजवळ दिसतच नाही, आणि ते न दिसणंही नोंदवायचं आहे. यवतमाळच्या बाजूची ११३ किलोमीटर आमच्या आवाक्याबाहेर आहेत. कारंज्यात आणि दारव्ह्यात दुमजली घराच्या गच्चीची चावी देणारं कुणी असेल, तर तिपाई आणि कॅमेरा घेऊन यायला मी तयार आहे.